पस मॉथला पंखांची एकच जोडी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या १५ ऑक्टोबरच्या अंकात जे. आर. डी. टाटांच्या पहिल्या टपाल-उड्डाणावर अर्धं पान आलं होतं. मजकूर चांगला होता. तारीख बरोबर, कराची बरोबर, जुहू बरोबर. पण मजकुराशेजारी जे विमान छापलं आहे ते त्या दिवशी उडालेलं विमान नव्हे. चित्रातल्या विमानाला एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या आहेत, मधे उभ्या काठ्या आणि ताणलेल्या तारा आहेत, आणि वैमानिक उघड्यावर बसला आहे. जेआरडींनी १९३२ साली उडवलं ते डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ. त्याला पंखांची जोडी एकच, तीही छपराच्या पातळीवर बसवलेली. आणि माणसं आत बसायची, काचेच्या खिडक्या असलेल्या बंद केबिनमध्ये.

एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण त्या चित्राने आमच्या घरात काय झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी निवृत्त जॉबर, म्हणजे माग जुळवून आणि दुरुस्त करून देणारा कारागीर. यंत्रमागावर एकतीस वर्षं काढली. राहतो सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळे लिहायचं म्हटलं की हात मराठीतच चालतो. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून मी घरी पस मॉथचं मॉडेल बनवत होतो, ते या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुरं झालं. चौदा महिने लागले. नात पाचवीत आहे. पहिल्या दिवसापासून ती माझ्या शेजारी बसलेली. पंखांच्या आतल्या लाकडी फासळ्या पॉलिश-पेपरने घासून देणं, डिंक वाळेपर्यंत बोटाने दाबून धरणं, ही तिची कामं. तिला शाळेत 'वाहतुकीची साधने' या विषयावर चिकटवही करायला सांगितली आहे. १५ तारखेला सकाळी आपला पेपर आला, तिने कात्रीने चित्र कापलं, मागे डिंक लावला, आणि चिकटवायच्या आधी कपाटावरच्या मॉडेलकडे पाहिलं. परत चित्राकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "ताता, आपलं विमान चुकलं."

आमच्यात आजोबांना ताता म्हणतात. लहान असताना 'टाटांचं विमान' हे शब्द ऐकून तिला वाटायचं की हे कुणाच्या तरी आजोबांचंच विमान आहे.

मी म्हटलं, आपलं बरोबर आहे, पेपरातलं वेगळं आहे. त्यावर ती म्हणाली, "पण हे छापून आलंय ना." याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मी आराखडे काढून टेबलावर पसरले, तिला पंख मोजायला लावले, तेव्हा तिचं समाधान झालं. पण तिच्या वर्गातल्या आणखी चौघांच्या वहीत तेच चित्र चिकटलं आहे. त्यांच्या घरी आराखडे नाहीत.

चित्र एकदा मनात बसलं की किती वर्षं बसतं हे मी जाणतो. माझ्या मनात एक चुकीचं चित्र चाळीस वर्षं होतं.

१९८२ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. मागावर नवा लागलो होतो. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, जेआरडींनी वयाच्या ७८ व्या वर्षी पुन्हा एकदा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत एकट्याने विमान उडवत आणलं. वाचनालयातल्या पेपरात त्याचं चित्र आलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पेपर मी मागून घेतला आणि चित्र कापून माझ्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एका इंजिनाच्या छोट्या विमानातून एकटा समुद्रकाठाने येतो, हे मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं. त्या चित्रातलं विमान लेपर्ड मॉथ होतं, १९८२ च्या उड्डाणातलं. ते १९३२ चं विमान असं पेपराने कुठेही म्हटलं नव्हतं. पण मी तसं धरून चाललो. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रवास पुन्हा केला म्हणजे विमानही तेच असणार, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं.

लेपर्ड मॉथ हे पस मॉथचं धाकटं भावंड. तेही छपरावर पंख असलेलं, तेही बंद केबिनचं. दुरून दोन्ही सारखी दिसतात. पण लेपर्ड मॉथ बाजारात आलं १९३३ साली, म्हणजे १९३२ च्या ऑक्टोबरात ते कराचीला असणं शक्यच नव्हतं. हे मला कळलं ते मॉडेल सुरू केल्यावर. ट्रंकेतल्या चित्रावरून मी पंख काढले होते. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्येक फासळी शेजारच्या फासळीपेक्षा लहान. अशा अकरा फासळ्या कापून झाल्या, तेव्हा पुतण्याने पुण्याहून पस मॉथचे तीन बाजूंचे आराखडे मोठ्या कागदावर छापून आणले. कागद उलगडला आणि पाहिलं तर पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीचा, फक्त टोकाला गोलाई. सगळ्या फासळ्या एका मापाच्या. त्या अकरा फासळ्या अजून डब्यात आहेत. टाकवल्या नाहीत.

म्हणून सांगतो, संपादक महाशय, हे चित्र बदलणं गरजेचं आहे. माझी चूक मला चाळीस वर्षांनी सापडली ती हातात पटाशी होती म्हणून. प्रत्येकाला ती संधी मिळणार नाही.

आता मॉडेलविषयी थोडं. हे विमान बनवल्याशिवाय त्यात काय होतं ते मला कळलं नसतं, आणि आपल्या वाचकांत कापडाशी संबंध असलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांना हे आवडेल.

खऱ्या पस मॉथच्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ फूट ९ इंच, विमानाची लांबी २५ फूट, उंची ७ फूट. मी फुटाला इंच असं प्रमाण धरलं. म्हणजे पंख पावणेसदतीस इंच, लांबी पंचवीस, उंची सात. हिशोब तोंडी होतो आणि घरची फूटपट्टी चालते. खऱ्या विमानाचं धड पोलादी नळ्या जोडून केलेलं असे आणि त्यावर कापड. पहिला नमुना प्लायवूडच्या धडाचा होता, पण विकायला काढलेली विमानं पोलादी नळ्यांची. मी सायकलचे स्पोक घेतले. नवसागर लावून कथलाचा डाग द्यायचा. एकेका सांध्याला चार-चार तारा येऊन मिळतात, एक सांधा तापवला की शेजारचा सुटतो. शेवटी ओल्या चिंध्या गुंडाळून शेजारचे सांधे थंड ठेवले, मग जमलं. पूर्ण धड हातात घेऊन बोटाने टोचून पाहिलं तर कुठेच हलत नाही. त्रिकोणांची करामत आहे सगळी.

पंखाचं कापड हा माझा विषय. पस मॉथचे पंख आतून लाकडी, वर कापड ताणून शिवलेलं, आणि त्या कापडावर डोप नावाच्या द्रव्याचे हात चढवलेले. डोप वाळताना कापड आकसतं, डफासारखं ताठ होतं आणि त्याची छिद्रं बुजतात. मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, आपण खळ चढवतो, त्याच जातीचं हे काम. खळ नसेल तर सूत फणीत घासून तुटतं, डोप नसेल तर कापड वाऱ्याने फुगतं आणि पंखाचा आकारच राहत नाही. लोक विमान म्हटलं की धातूचं समजतात. त्या काळातलं हे विमान म्हणजे मुख्यतः ताणलेलं कापड होतं, आणि माणसं त्याच्या भरवशावर बसून जात होती.

लहान मॉडेल करताना एक अडचण येते, ती मागावर काम केलेल्याला चटकन कळेल. लाकूड बारा पट लहान करता येतं, तार करता येते. सूत बारा पट बारीक करता येत नाही. जे कापड खऱ्या विमानावर नितळ दिसतं, तेच मॉडेलवर लावलं तर गोणपाट वाटतं. आपलं गाव चादरी आणि टॉवेलांचं. जाड सुताला इथे तोटा नाही, बारीक कापड मात्र शोधावं लागलं. पॉपलीन जाड पडलं. टेरीकॉट गुळगुळीत दिसलं, पण ते पाण्याने आकसत नाही, सुरकुती जिथल्या तिथे राहते. शेवटी १०० नंबर सुताची मलमल मिळाली (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक). तीही डोळ्याजवळ नेली तर ताणा-बाणा दिसतो, पण दोन हातांवरून पंख एकसंध वाटतो.

ती मलमल मी आधी चिंचोक्याच्या खळीने बसवली. घोंगडीला लावतात तीच. रात्री लावली, सकाळी पंख ताठ. नातीने टिचकी मारली तर ताशासारखा वाजला. ती खूश, मीही खूश. मग पंख सपाट फळीवर ठेवला, तर एक कोपरा फळीला टेकेना. अर्धा इंच वर. पीळ पडला होता. मी वरची बाजू आधी लावून वाळवली होती आणि खालची दुसऱ्या दिवशी लावायची ठेवली होती, त्या एका रात्रीच्या ओढीने अख्खा पंख वळला. बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावर, एका कडेचा ताण जास्त झाला की कापड कसं तिरकं उतरतं ते मी आयुष्यभर पाहिलं आहे, पोरांना त्यावरून बोललोही आहे, आणि घरी तेच केलं. तरी मी तो पंख पाण्याचा हात फिरवून थोडा सरळ केला. पुढे जुलैत झड लागली, हवा दमट झाली आणि खळ सैल पडली. कापड दोन फासळ्यांच्या मधे लोंबायला लागलं. सगळं सोलून काढलं.

दुसऱ्या खेपेला फर्निचरचे पॉलिशवाले वापरतात ते एन. सी. लॅकर आणलं. त्याची जात जुन्या डोपचीच, दोन्हीत नायट्रोसेल्युलोज. अर्धं लॅकर, अर्धं थिनर, पातळ चार हात. दोन्ही बाजू एकाच बैठकीत, आणि वाळेपर्यंत पंख फळीवर टाचण्यांनी घट्ट. गच्चीवर काम केलं कारण वास डोक्यात जातो, आणि नातीला खाली पाठवलं. हा पंख आजपर्यंत हललेला नाही. रंग मी दिला नाही. उजेडासमोर धरलं की कापडातून फासळ्या एकामागे एक दिसतात, त्या झाकाव्याशा वाटल्या नाहीत. फक्त काळ्या अक्षरांत नोंदणी लिहिली: व्हीटी-एडीएन.

पीळ हा पस मॉथचा खराच शत्रू होता हे मला नंतर वाचायला मिळालं. १९३० च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात एक पस मॉथ हवेतच मोडून पडलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तशी आणखी काही पडली. इंग्लंडमध्ये त्यावर कसून तपास झाला. वादळी हवेत, वेगात असताना पंख पिळला जाऊन निकामी होतो असं निघालं, आणि उपाय म्हणून पंखाला खालून आधार देणाऱ्या पुढच्या तिरक्या दांडीला आणखी एका लहान दांडीचा टेकू दिला गेला. हे वाचलं त्या रात्री मी माझ्या मॉडेलचा पंख दोन बोटांत धरून हळू पिळून पाहिला. मग दोन्ही बाजूंना बांबूच्या कामटीचा तो टेकू बसवला आणि पुन्हा पिळून पाहिला. फरक बोटांना कळतो. काडीएवढा तो तुकडा. त्यासाठी किती माणसं गेली हे मनात आल्यावर त्या दिवशी पुढचं काम केलं नाही.

इंजिन जिप्सी थ्री, १२० हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, हवेवर थंड होणारं. ते उलटं टांगलेलं असतं: क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, वर आणि सिलिंडरची डोकी खाली. त्यामुळे प्रोपेलर उंचावर राहतो आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोरचं नाक खाली जातं, त्याला पुढचं दिसतं. मी एका बाजूचं पत्र्याचं झाकण उघडतं ठेवलं आहे. आत चार सिलिंडर म्हणून अर्ध्या इंची बोल्टचे तुकडे लावलेत. बोल्टचे आटे हुबेहूब सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या चकत्यांसारखे दिसतात. खिडक्यांना शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक. आसनं तीन: पुढे वैमानिक, मागे दोघांची सोय, पुढे-मागे सरकवून, म्हणजे खांद्याला खांदा लागू नये.

प्रोपेलरसाठी लाकूड विकत आणलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मी ज्या मागावर शेवटचं काम केलं त्याचा धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, मालकांकडून मागून घेतला होता. तो कापला. धोटा मधे पोकळ असतो, सुताची कांडी बसायला, त्यामुळे सलग लांबी मिळत नाही. दोन्ही टोकांच्या भरीव भागांतून एकेक पातं काढलं आणि मधल्या गाठीखाली सांधा लपवला. लाकूड इतकं टणक की दोन दिवस कानस चालवली. वर्षानुवर्षं सुतावरून धावून ते आरशासारखं झालं होतं, पॉलिशची गरजच पडली नाही.

दोन गोष्टी या विमानात अशा आहेत की पाहणारा हरखतो. एक, चाकांच्या पायांवर हवा कापणारं पातळ आवरण असतं, ते वैमानिकाला आतून काटकोनात फिरवता यायचं. ते आवरण आडवं झालं की हवाच ब्रेक लावते. मी ते दाभणाच्या दांडीने आणि दोऱ्याने चालतं केलं आहे, आणि नातीने दिवसातून दहादा फिरवून एकदा दोरा तोडलाही. दुसरी गोष्ट, पंख मिटतात. मागच्या बाजूला बिजागरीवर फिरून शेपटीच्या दोन्ही कडांना समांतर जातात, पक्षी पंख आवरून बसतो तसे. कंपनीने हे केलं ते विमान साध्या शेडमध्ये मावावं म्हणून. आमच्या दोन खोल्यांत तीन फुटी पंख पसरून ठेवायला जागा नाही. मिटले की विमान कपाटावर बसतं. ही सोय नसती तर घरात परवानगीच मिळाली नसती.

मॉडेल उडत नाही. स्पोकमुळे जड झालं आहे. उडवायचं असतं तर बाल्साचं लाकूड आणावं लागलं असतं, आणि मला ते आतून कसं उभं राहतं तेच बघायचं होतं.

आता चित्राकडे परत येतो, कारण दोन जोड्या की एक जोडी, उघडं की बंद, हा फरक शोभेचा नाही. तो दिवस नीट डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडहून इंपीरियल एअरवेजने आलेली टपाल कराचीला थांबायची. तिथून पुढे ती मद्रासपर्यंत हवेतून न्यायची, ही टाटा आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांची योजना. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी, वय २८, कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सुमारे २५ किलो टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला उतरून इंधन घेतलं, पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. मग जुहू. तिथून व्हिन्सेंट पुढे बल्लारीला गेले आणि मुक्काम करून मद्रासला. ना रेडिओ, ना वाट दाखवणारं कुठलं यंत्र. पण केबिन बंद होती. त्यामुळेच टपालाच्या पोत्याबरोबर एखादा प्रवासीही बसू शकत होता, साध्या कपड्यांत, काचेतून खाली बघत. पहिल्या वर्षात या सेवेने १५५ प्रवासी नेले. उघड्या विमानात, चामडी टोपी आणि गॉगल लावून, हे झालं नसतं. आपल्या पानावरच्या चित्राने नेमकी हीच गोष्ट पुसली गेली.

मी शाळेच्या ॲटलासवर पट्टी ठेवून मुंबई ते बल्लारी सरळ रेघ ओढून पाहिली. आपल्या सोलापूरला ती शिवत नाही, सांगलीच्या बाजूने खाली उतरते. मनात होतं की आपल्या गावावरून जावी. पण नाही जात.

आपल्याकडे मात्र आता दुसरंच विमान येतं. ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली, त्यानंतर एका रविवारी मी नातीला घेऊन तिकडे गेलो होतो. कुंपणाबाहेर चांगल्या जागी उभं राहून उतरताना पाहिलं. ते एटीआर, दोन इंजिनांचं, सत्तर माणसांचं. मी चाकं बघत होतो. तिने दुसरंच पाहिलं. म्हणाली, "ताता, याचेपण पंख छपरावर आहेत." खरंच आहे. एटीआरचे पंखही केबिनच्या वर, त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालची जमीन दिसते, पंख आडवा येत नाही. शेपटीजवळची नोंदणीही तिने वाचली: सुरुवात व्हीटीने. भारतातल्या विमानांची ती अक्षरं तेव्हाही हीच होती, आताही हीच आहेत. आमच्या मलमलीवर मी काळ्या रंगाने लिहिली तीच. घरी येईपर्यंत ती रिक्षात तेवढंच बोलत होती.

ज्या मुलीने हे स्वतः टिपलं, तीच छापलेल्या चित्रासमोर स्वतःच्या हाताने घासलेल्या पंखांवर शंका घेते. छापील गोष्टीचा एवढा मान आजही घराघरांत आहे, आणि तो असावा असंच मला वाटतं. मी स्वतः पेपर वाचूनच शिकलो, शाळा नववीत सुटली. म्हणूनच हे पत्र.

माझी विनंती अशी. त्याच पानावर, त्याच जागी, त्याच आकारात पस मॉथचं चित्र छापावं आणि खाली विमानाचं नाव लिहावं. १९८२ च्या उड्डाणाचं छायाचित्र वापरणार असाल तर खाली लेपर्ड मॉथ आणि साल लिहावं, म्हणजे माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होणार नाही. छायाचित्र मिळत नसेल तर मी मॉडेल आपल्या कचेरीत घेऊन येईन. पंख मिटून, खोक्यात कापूस घालून, रिक्षाने आणता येतं. आपल्या छायाचित्रकाराने हवं त्या बाजूने काढावं. एकच अट, प्रोपेलर हाताने फिरवू नये, सांधा आहे.

नातीने आपलं चित्र फाडलं नाही. वहीत चिकटवलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'हे दुसरं विमान आहे.' समोरच्या पानावर तिने पट्टीने चौकोन आखला आहे, चार इंच बाय अडीच, आणि वर लिहिलं आहे 'पस मॉथ, १९३२'. चौकोन अजून रिकामा आहे. वह्या पुढच्या बुधवारी तपासायला द्यायच्या आहेत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त जॉबर
पूर्व भाग, सोलापूर